कानामागचं मशीन

“तानाजीभाई, सुनाई देता है?” मदतनीस नूरुद्दीनने मुद्दाम पाठमोरं उभं राहून विचारलं. शेजारी बोटीचं डिझेल इंजिन धडधडत होतं.

“देता है. चिल्ला मत.”

ओमानमधल्या सूर बंदराच्या या वर्कशॉपात बावीस वर्षं काढल्यावर तानाजी शिगवणला इंजिन चालू असताना माणसाचं बोलणं पहिल्यांदाच कळत होतं. अर्बाब, म्हणजे मालक, मजीदने स्वतः त्याला मस्कतला नेऊन कानाचं मशीन बसवून आणलं होतं. तिथली डॉक्टरीण म्हणाली होती, एकसारखा चालणारा आवाज हे मशीन दाबतं आणि बोलणं वर काढतं. तानाजीने मान हलवली. मान हलवण्यात तो वाकबगार होता, कान गेल्यापासून दहा वर्षं त्याने तेवढ्यावरच भागवली होती.

गुहागरहून बायकोने, शीलाने, फोनवर एवढंच विचारलं, “आता तरी नोकरी टिकंल ना? शिवांगीचा कॉलेज अजून दोन वर्सा हाय.”

“टिकंल,” तो म्हणाला.

इंजिन तपासायची त्याची एक रीत होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. कुठलं बेअरिंग बिघडलंय ते त्याच्याइतकं अचूक कोणी सांगत नसे. आज त्या हाडावर मशीन होतं. काढायचं कशाला, आता कान आहेत की, असं त्याला वाटलं. त्याने नुसता कान दिला. इंजिन अगदी गुळगुळीत चालत होतं.

“खलास, ले जाओ.”

तिसऱ्या दिवशी ती बोट दुसरीला बांधून ओढत आणली. भर समुद्रात इंजिन ठोके द्यायला लागलं होतं. नूरुद्दीनने ते चालू केलं. तानाजीला ते अजूनही गुळगुळीतच ऐकू येत होतं. मग त्याला डॉक्टरणीचं बोलणं आठवलं. मशीनने त्याचं इंजिनच दाबून टाकलं होतं.

दाराशी मजीद नूरुद्दीनला सांगत होता, “इसका काम खलास. इस महीने विसा कॅन्सल करके घर भेजो. मेरे से बोला नहीं जाएगा, तू बोल.”

मशीन तीन दिवसांचं होतं, तानाजीसमोर वाटेल ते बोलायची सवय दहा वर्षांची. शब्दन्‌शब्द स्वच्छ ऐकू आला. नूरुद्दीनने चमकून तानाजीकडे पाहिलं. तानाजीने मान वर केली नाही. वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. हातातलं फडकं तेलकट आहे, एवढंच जाणवलं.

त्याने मशीन काढून खिशात ठेवलं. माणसं गप्प झाली आणि इंजिन परत आलं. स्क्रूड्रायव्हरची मूठ हाडाला लावताच ठोका लागला. तीन नंबरचं बेअरिंग.

मजीद जवळ आला आणि नेहमीसारखा त्याच्या कानात ओरडला, “तानाजी! चाय पियो!”

तानाजीने नेहमीसारखी मान हलवली. मग नूरुद्दीनला हाताने बोलावलं, मूठ फडक्याने पुसली आणि त्याच्या कानामागे धरली.

“तीन नंबर. ध्यान से सुन. आगे तेरे को ही सुनना है.”

नूरुद्दीन डोळे मिटून ऐकत राहिला.