पायरीवरची कुऱ्हाड

आनंदराजनं कुऱ्हाडीच्या पात्यावर चढलेला कुंकवाचा थर नखानं खरवडला, तसे हणमंतराव पाटलांचे डोळे बारीक झाले.

"हळू, सर. दर खंडेनवमीला पुजतो आम्ही हिला."

नांदेडला आनंदराजच्या घरी जुन्या कुऱ्हाडी, वाकस आणि विळे मांडायला भिंती पुरत नव्हत्या. लोक आपली हत्यारं ओळखायला त्याला हौसेनं बोलवायचे. उमरीजवळच्या या गावाचं बोलावणं आलं तेव्हा मात्र त्याची झोपच उडाली. हे त्याच्या आजोबांचं गाव. छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन आल्यावर साहेबरावांनी आपली कुऱ्हाड पाटलांच्या पायरीवर ठेवली आणि 'यापुढं तुमच्या लग्नाची लाकडं तुम्हीच फोडा' असं सांगून ते माघारी फिरले, असं सरजाबाई आत्या आजही सांगते. चुलते तिला हसतात. पाटलासमोर एवढं बोलायची छाती तेव्हा कुणाची होती? म्हाताऱ्यानं मुदखेडच्या बाजारात विकली असणार, असं त्यांचं म्हणणं. आत्या खरं सांगते, एवढं एकदा कळावं म्हणून आनंदराज आला होता. फोनवर त्यानं आडनाव सांगितलं नव्हतं.

"रझाकारांच्या टायमाला आमचे आजोबा हीच घेऊन दारात उभे होते," हणमंतराव म्हणाले. "नवीन बैठकीत भिंतीवर लावायची हाय. खाली त्यांचं नाव. किती जुनी, तेवढं सांगा."

आनंदराजनं पातं उजेडाकडं धरलं. माणूस ज्या हातानं धार लावतो, त्याप्रमाणं पात्याचं एक अंग जास्त झिजतं. इथं नेहमीपेक्षा नेमकं उलटं अंग झिजलं होतं. त्यानं पातं पुन्हा एकदा उलटून पाहिलं.

"तुमचे आजोबा डावरे होते का?"

"न्हाई. का?"

"ही डावऱ्याच्या हातची आहे."

हणमंतरावांचं हसू मावळलं. "काय बोलून राहिले तुम्ही? पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरात हाय ती."

दाराशी तूर निवडत बसलेल्या त्यांच्या आईनं, साखराबाईंनी, सूप खाली ठेवलं.

"डावरा साहेब्या होता," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नाची लाकडं त्यानंच फोडली. पुढल्या साली आला न्हाई."

"माय, तू आत जा."

साखराबाई हलल्या नाहीत. त्या आनंदराजच्या हाताकडं बघत होत्या. कुऱ्हाड त्यानं डाव्या हातात धरली होती, मघाशी चहाही त्याच हातानं घेतला होता.

"तुमी कुणाचे, बाबा?"

"साहेबरावांचा नातू."

नाव पुरं घेताना आवाज कापला नाही, याचं त्यालाच नवल वाटलं. हणमंतराव ताडकन उठले. आनंदराजची मूठ दांड्यावर आवळली गेली आणि ती हणमंतरावांना दिसली. दोघंही जागच्या जागी थांबले. सुपाशी आलेल्या चिमण्या तूर टिपू लागल्या तरी कुणी त्यांना हाकललं नाही.

"तुमची हाय, तर घेऊन जा," अखेर हणमंतराव दुसरीकडं बघत म्हणाले.

आनंदराजला ती हवी होती, फार हवी होती. आत्याच्या मांडीवर ठेवावी, चुलत्यांना एकदा दाखवावी. त्यानं पिशवी उघडली आणि थोड्या वेळानं तशीच मिटली. तो बाहेर आला, चपला घातल्या आणि वाकून कुऱ्हाड पायरीच्या मधोमध ठेवली.

"आजोबांनी इथंच ठेवली होती," तो म्हणाला. "परत न्यायला नव्हती ठेवली."

फाटकापाशी त्यानं मागं वळून पाहिलं. पुजलेलं हत्यार ओलांडत नाहीत, म्हणून हणमंतराव उंबऱ्याच्या आतच उभे होते. ती उचलायला ते अजून वाकले नव्हते.