पांढऱ्या चिठ्ठीवरचं नाव

फादर सिप्रियनना रडू येत नव्हतं, आणि सगळं गाव तर त्याचीच वाट बघत होतं.

पंच्याहत्तर पूर्ण झाली की फादर लोकांनाही निवृत्ती असते, हे गावात निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. बिशपांचं पत्र आलं तेव्हा फिलूबाय, म्हणजे चर्चचं ऑफिस सांभाळणारी फिलोमिना, पत्र हातात धरून एवढी रडली की फादरांनाच उठून तिला पाणी आणून द्यावं लागलं. त्यानंतर तीन महिने रोज कोणी ना कोणी डोळे पुसत यायचं. बोरिवलीच्या खाडीपलीकडचं हे कोळ्यांचं गाव. इथे माणसं भांडतात मोठ्याने, हसतात मोठ्याने आणि रडतात त्याहूनही मोठ्याने. फादर मात्र कोरडे ठणठणीत.

तसा त्यांनी प्रयत्न केला होता हो. नऊ वर्षं ज्या खोलीत काढली तिथलं सामान बांधताना ते मुद्दाम हळूहळू बांधत होते, कुठेतरी काहीतरी हलेल म्हणून. बाप्तिस्म्याच्या हौदापाशी उभे राहिले, इथे किती पोरं आपल्या हातात किंचाळली ते आठवून पाहिलं. काही नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि मग गाल आपला राहत नाही ना, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बरं आहे, बरं आहे." पुढचं आयुष्य वांद्र्याला, म्हाताऱ्या फादरांच्या घरी. तेही बरंच होतं.

शेवटच्या रविवारच्या आधी बुधवारी सरूबाई मागच्या दाराशी आली. नेहमीसारखी टोपलीतून दोन पापलेटं काढून स्वयंपाकघरातल्या ताटलीत ठेवली आणि उंबऱ्यावरच बसली.

ही सरूबाई ख्रिस्ती नव्हे. हिंदू कोळीण, घरात एकवीरेचा मोठा फोटो. नऊ वर्षांपूर्वी, फादर गावात नवीन आले तेव्हाच, तिचा नवरा अनंता दर्यात गेला तो आलाच नाही. होडी सापडली, अनंता नाही. भाऊबंद म्हणाले, पिठाचा पुतळा करून कार्य उरकून टाकू. सरूबाई चवताळली. "पिठाला माजा नवरा म्हनू? चला निघा!" कार्य झालंच नाही. मग एका रविवारी मासे देऊन परत जाताना तिने चर्चच्या मागच्या दारातून ऐकलं, की आत मेलेल्या माणसांची नावं घेतायत आणि सगळं गाव त्यांच्यासाठी एका आवाजात मागणं मागतंय. दुसऱ्या दिवशी ती फादरांपुढे उभी. "आमी तुमच्यातले नाय. पन माज्या अनंताचं नाव घ्याल काय?"

फादरांनी घेतलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, नऊ वर्षं, न चुकता.

नावं घ्यायची इथली रीत अशी. दाराशी एक वेताची टोपली आणि दोन रंगांच्या चिठ्ठ्या. कुणी आजारातून उठलं, कुणाचं लग्न जमलं, तर पिवळी. माणूस गेलेलं असेल तर पांढरी. पिवळी वाचली की लोक म्हणणार, "देवाला धन्यवाद." पांढरी वाचली की म्हणणार, "प्रभो, तुझा प्रकाश त्याच्यावर राहू दे." पूर्वी या नावांची यादी ऑफिसात टाइप व्हायची. त्यात एकदा एका म्हाताऱ्याच्या बायकोचं नाव गळलं आणि तो बिचारा भर चर्चमध्ये उभा राहून विचारत राहिला, "आणि माझी सेसिल?" त्या दिवशी फादरांनी नियमच केला. यादी नाही, निवड नाही. टोपलीत हात घालायचा, येईल ती चिठ्ठी वाचायची आणि टोपली रिकामी झाल्याशिवाय हलायचं नाही.

"फादर," सरूबाई म्हणाली, "तुमी गेल्यावर माज्या अनंताचं कोन बघंल?"

"मी सांगतो ना नव्या फादरांना."

"नक्की?"

"नक्की गं."

ती त्यांच्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिली. तिला काहीतरी पटलं नसावं. मग रिकामी टोपली उचलून निघून गेली.

फादरांनी शब्द पाळला, नाही असं नाही. शनिवारी फादर ग्लेन आले. चाळिशीचा हुशार, नीटनेटका माणूस, लॅपटॉपवाला. त्यांना फादरांनी सरूबाईचं सांगितलं. ग्लेननी शांतपणे ऐकून घेतलं.

"फादर, मी आता सगळं फॉर्मवर घेतोय. मोबाइलवरून भरायचा. त्यात कुटुंबाचा नंबर लागतो आपल्या रजिस्टरमधला. ही बाई तर आपल्या रजिस्टरमध्येच नाही ना?"

"नाही."

"मग आज हिला हो म्हटलं की उद्या दुसरा येणार. बघू आपण, हं?"

"बघू" म्हणजे काय ते फादरांना चांगलं कळत होतं. पाच वर्षांपूर्वीचे फादर असते तर टेबलावर हात आपटून म्हणाले असते, बघू काय बघू, आत्ता लिहून घे! आता ते म्हणाले, "बरं." आणि पुस्तकांच्या खोक्याला चिकटपट्टी लावायला वळले. आपण आत्ता काय सोडून दिलं हे त्यांच्या लक्षात आलं, पण त्याचं वाईट वाटायला हवं होतं ते वाटलं नाही.

रविवार उजाडला, आणि तो नेमका महिन्याचा पहिला. चर्च बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत भरलं. म्हाताऱ्या बायका ठेवणीतली लाल लुगडी नेसून आल्या होत्या. मागच्या दारात, नेहमीच्या जागी, सरूबाई पदर खोचून उभी होती. टोपली तर वाहत होती; सगळ्या गावाने फादरांच्या नावाने पिवळ्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

फादर वाचू लागले. "फादर सिप्रियन यांच्या सेवेबद्दल." "देवाला धन्यवाद." "फादर सिप्रियन यांच्या आरोग्याबद्दल." "देवाला धन्यवाद." मधूनच एखादी पांढरी यायची, लोक तिचं उत्तर द्यायचे, पुन्हा पिवळी. आपलंच नाव वीस-पंचवीस वेळा वाचून फादरांना ते कुणा भलत्याचंच वाटायला लागलं. वाचतोय काय याकडे लक्षच राहिलं नाही. हात टोपलीत जात होता, तोंड चालत होतं.

"मृतात्म्यांपैकी," त्यांनी हातातली पांढरी चिठ्ठी वाचली, "फादर सिप्रियन."

"प्रभो, तुझा प्रकाश त्याच्यावर राहू दे," सगळं चर्च म्हणालं.

एका सुरात, खणखणीत. नऊ वर्षांची सवय ती! पांढऱ्या चिठ्ठीला काय म्हणायचं ते तोंडांना पाठ होतं, डोक्याला विचारायची गरजच नव्हती. आणि मग एकेकाच्या लक्षात आलं.

"अरे देवा!" कुणीतरी बाई म्हणाली. मागे कुणाला तरी हसू फुटलं. फिलूबाय लालेलाल होऊन धावत आली, "कुणी मेल्याने रंग बघितला नाय," म्हणत टोपलीच उचलून घेऊन गेली. गाणाऱ्यांनी घाईघाईने पुढचं गाणं सुरू केलं. फादरांनी हातातली चिठ्ठी झग्याच्या खिशात टाकली. जिवंतपणी आपल्यासाठी मयताची प्रार्थना झाली, सगळ्या गावाने केली, आणि त्यांच्या मनात एवढंच आलं, की चूक तरी काय आहे यात.

नंतर मांडवात निरोप समारंभ. ब्रास बँड वाजला, शाल आली, नारळ आला, आणखी एक शाल आली. भाषणांत प्रत्येकाने चिठ्ठीचा विनोद केला. "आमचे फादर स्वतःच्या मयताला स्वतःच हजर!" लोक हसता हसता रडले. फादरांनीही लिहून आणलेलं भाषण वाचलं, आभार मानले, चुकलंमाकलं माफ करा म्हणाले. पुढच्या रांगेतल्या बायका हुंदके देत होत्या आणि फादर पुढचा कागद शोधत होते. मटण, वडे, केक, फोटो. तीन वाजता होडी जेट्टीवर लागणार होती.

निघता निघता कपाळाचा घाम पुसायला त्यांनी रुमालासाठी खिशात हात घातला.

"आई गं!"

बोटात टाचणी रुतली होती, चांगली खोल. रक्ताचा थेंब आला. फादरांनी चिठ्ठी बाहेर काढली. एक नव्हती, दोन होत्या, एकीमागे एक टाचलेल्या. वरच्या चिठ्ठीवर त्यांचं नाव. खालच्या चिठ्ठीवर त्याच अक्षरात, सरूबाईची सून जान्हवी दर महिन्याला काढायची त्याच गोल अक्षरात, दुसरं नाव. अनंता.

फादर तिथेच उभे राहिले. आज अनंताचं नाव घेतलंच नव्हतं. नऊ वर्षांत एकदाही चुकलं नाही आणि आज, शेवटच्या दिवशी, चुकलं. ती बाई मागच्या दारात उभी राहून ऐकत होती. टोपली उचलून नेली तेव्हाही तिथेच होती. गाणं सुरू झालं तेव्हाही. आणि आपण शालींवर शाली घेत बसलो होतो! फादरांना एकदम स्वतःचा असा संताप आला की कान तापले. लाज वाटली. सरळ साधी लाज, लहान मुलाला वाटते तशी.

"फादर, होडी लागली," फिलूबाय म्हणाली.

"लागू दे."

आणि ते चालू लागले. जेट्टीकडे नाही, समुद्राच्या बाजूला, जिथे बोंबील वाळत घालतात तिकडे. आता निरोपाच्या दिवशी फादर उलट्या दिशेने निघाले तर गाव गप्प बसेल काय? "फादर कुठं चालले? फादर कुठं चालले?" करत निम्मा मांडव मागून निघाला. फादर ग्लेनही आले. बँडवाले बाजे काखेत मारून आले.

सरूबाई काठ्यांवरचे बोंबील उलटत होती. फादरांना बघून तिने हात लुगड्याला पुसले. डोळे सुजलेले होते.

"सरूबाई, चुकलं माझं," फादर म्हणाले. "अनंताचं राहिलं."

"हां. राहिलं," ती म्हणाली. तिनेही उगाच असू दे वगैरे म्हटलं नाही.

"पण तू माझं नाव का टाकलंस गं पांढऱ्यावर? मी जिवंत आहे ना अजून."

सरूबाईने एकदा फादर ग्लेनकडे बघितलं, मग खाली वाळूकडे.

"बुधवारी तुमचं तोंड बघितलं, तवाच समजलं, नवा फादर माज्या अनंताचं नाव घेनार नाय. तुमच्यात आता भांडायचा जीव नाय राहिला. पन तुमचं नाव तर कोन टाळनार नाय ना? म्हनून त्याला तुमच्या मागं टाचला. तुमचं वाचतील तवा पाठचं पन वाचावंच लागंल." ती थांबली. "आनि दुसरं म्हंजे, तुमाला तरी कोन हाय? पोर नाय, बाळ नाय. उद्या तिकडं वांद्र्याला डोळे मिटले तर हिकडं कोन चिठ्ठी टाकंल? मी म्हटलं, आतापासूनच चालू करते. सवय झाली म्हंजे राहात नाय."

फादरांनी खालची चिठ्ठी वर केली. बोटाचं रक्त कागदाला लागलं होतं.

"मृतात्म्यांपैकी," त्यांनी वाचलं, आणि आवाज चिरकला. तीन महिने जे कुठे दडून बसलं होतं ते सगळं एकदम वर आलं, आणि पंच्याहत्तर वर्षांचा तो माणूस बोंबलांच्या रांगेत उभा राहून ढसाढसा रडू लागला. कुणी पुढे झालं नाही. रडता रडताच त्यांनी ते नाव घेतलं.

"अनंता."

"प्रभो, तुझा प्रकाश त्याच्यावर राहू दे," सरूबाई म्हणाली, एकटीच, एकही शब्द न चुकता. आणि मग मागून फिलूबाय म्हणाली, म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, बँडवाले म्हणाले. आणि सगळ्यात शेवटी, आपण म्हणतोय हे कळायच्या आत, फादर ग्लेनच्याही तोंडून ते निघून गेलं.

फादरांनी दोन्ही चिठ्ठ्या होत्या तशा जुळवल्या, टाचणी पुन्हा नीट लावली आणि ग्लेनच्या हातात दिल्या.

"माझा रजिस्टर नंबर फिलूबायकडे आहे," ते म्हणाले. "फॉर्म माझ्या नावाने भर. अनंता माझ्या मागे राहील."

ग्लेननी चिठ्ठ्या उलटसुलट करून बघितल्या. "पण फादर, तुमचं नाव पांढऱ्यावर..."

"राहू दे पांढऱ्यावरच," सरूबाई म्हणाली. "आनि टाचनी काडू नका." मग ती पुन्हा बोंबलांकडे वळली, कारण एक बाजू वाळली होती आणि दुसरी राहिली होती.