वरची विहीर, खालची विहीर

जुलैच्या त्या आठवड्यात इंग्लंडमधल्या वेदरलो गावात कुणी कुणाला खरं सांगत नसे, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नसे. गावाला विहिरी दोन. वर्षातून एका शनिवारी दोन्ही विहिरींवर फुलांच्या पाकळ्यांनी भरलेली मोठाली चित्रं उभी राहायची, पाद्रीबाबा येऊन पाण्याला आशीर्वाद द्यायचे, बँड वाजायचा. वरच्या विहिरीचं चित्र वरच्या आळीनं करायचं, खालचीचं खालच्या आळीनं. आणि कोण काय करतंय ते शनिवारपर्यंत दुसऱ्या आळीला कळता कामा नये. या एका नियमापायी सख्ख्या बहिणीसुद्धा लग्न होऊन वेगळ्या आळीत गेल्या की तेवढा आठवडा एकमेकींकडे चहाला जात नसत.

डोरीन रॅग जन्मानं खालची, लग्नानंही खालची. आता पंचाहत्तरी उलटली होती आणि विहीर सजवणाऱ्या खालच्यांपैकी ती एकटीच उरली होती. पण हे वरच्यांना कळू द्यायची तिची तयारी नव्हती. चॅपलमागच्या शेडच्या खिडकीला तिनं दरवर्षीसारखी चादर ठोकली, आत रेडिओ मोठ्यानं लावला, आणि दुपारी चहाच्या वेळेनंतर ट्रेभर कप घेऊन ती बाहेरच्या नळावर येऊन खळखळून धुवायची. त्यातला उष्टा कप एकच असायचा.

नेमका त्याच वेळी क्लिफर्ड बॅगशॉ कुत्र्याला फिरवायला तिकडून जायचा. आयुष्यभर गावात टपाल वाटलेला हा माणूस वरच्या आळीचा म्होरक्या होता.

"काय डोरीन, गर्दी दिसतेय आत."

"पाय ठेवायला जागा नाही बघ. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे तर आज दोघींना परत पाठवलं. बसवू कुठं?"

"बरं केलंस. गेल्या वर्षी तुमच्या नोहाला दोन्ही पाय डावेच होते. जास्त हात लागले की असं होतं."

"आणि तुमच्या देवदूताला मिशी फुटली होती ती?"

"मिशी नव्हती ती. सावली होती."

"दाट होती हो सावली," असं म्हणून तो कुत्र्याला ओढत निघून गेला आणि डोरीन न वापरलेले कप पुसत आत गेली.

आत आल्यावर मात्र तिला रडू यायचं. याच शेडमध्ये तिच्या आईच्या वेळी बायकांची नुसती झुंबड असायची. पुरुष मंडळी पँटी गुडघ्यांपर्यंत दुमडून चिकणमाती तुडवायची, तिच्यात मीठ घालायची म्हणजे ती आठवडाभर ओली राहते. नदीत भिजत घातलेल्या लाकडी चौकटींत ती माती लिंपली की तिच्यावर चित्र उमटवायचं, त्याच्या रेघा आल्डर झाडाच्या काळ्या बोंडांनी टोचून घ्यायच्या, आणि मग शेवटच्या दोन दिवसांत पाकळ्या. पाकळ्या आधी लावून चालत नाही, सुकतात. म्हणून त्या दोन दिवसांत गावात कुणी स्वयंपाक करत नसे. वुलीच्या बेकरीतून गरम खिम्याचे पॅटिस यायचे, ते खात खात बायका एकेक पाकळी मातीत दाबायच्या आणि गावातल्या समस्त नवऱ्यांचा उद्धार करायच्या.

मग कापडगिरणी बंद पडली. त्याआधीच स्टेशन गेलं होतं. मागोमाग बेकरी गेली, चांभार गेला, गुरांचा बाजार गेला, आणि तरुण माणसं शेफील्डला गेली. राहिलेल्या घरांच्या दारांना आकड्यांची कुलपं लागली, शुक्रवारी येऊन रविवारी जाणाऱ्या लोकांसाठी. डोरीन या नव्या लोकांशी तुटक वागायची. बेकरीच्या जागी मासे आणि चिप्सचं दुकान निघालं तेव्हापासून तिनं त्या दुकानाची पायरी चढलेली नव्हती.

यंदा तिनं चौकटीत काढला होता तो गावाचा मोठा रस्ता, ती नऊ वर्षांची असताना होता तसा. बेकरी, चांभाराचं दुकान, स्टेशनचा कठडा, मागे गिरणीची चिमणी. हिवाळ्यात तिची मैत्रीण जीन वृद्धाश्रमात गेली आणि आताशा तिला स्वतःचं नावही आठवत नव्हतं. तो रस्ता डोळ्यांसमोर असणारं खालच्या आळीत डोरीनखेरीज आता कुणी नव्हतं. शनिवारी विहीर मोकळी राहिली असती तर पुढच्या वर्षी कुणी विचारायलाही आलं नसतं. आसपासच्या दोन गावांत असंच झालं होतं. एक वर्ष चुकलं आणि प्रथाच बंद पडली.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत तिचा फक्त दगडी रस्ता भरून झाला होता. बोटं सुजली होती. वरचं सगळं आभाळ नुसती ओली माती होती, आणि आभाळाला लागणारी निळी हायड्रेंजियाची फुलं गावात एकाच ठिकाणी होती: वरच्या आळीत, वरचे जिथे आपली चौकट भरत त्या आगीच्या जुन्या बंबखान्यामागे. तिथली फुलं चोरण्याची खालच्यांना पूर्वापार सवय होती. डोरीननं बादली आणि कात्री उचलली आणि चढ चढायला लागली.

कुंपणाशी पोचली तर बंबखान्यातून माणसांचे आवाज येत होते. पुरुष तावातावानं वाद घालत होते, मध्येच सगळे मिळून हसत होते. यांच्याकडे अजून इतकी माणसं आहेत! डोरीनला इतका हेवा वाटला की हातातली कात्री तशीच राहिली. तेवढ्यात आतला एक माणूस म्हणाला, "आता ऐकू या श्रोत्यांचे फोन," आणि जाहिरातीचं संगीत वाजलं.

तिनं सरळ दार ढकललं. आत एका स्टुलावर क्लिफर्ड बसला होता. चष्मा कपाळावर, मांडीवर फुलांची टोपली, शेजारी रेडिओ, आणि समोरच्या चौकटीत यंदाही नोहाचंच, प्राण्यांनी भरलेलं, अर्धवट जहाज.

"दोघींना परत पाठवलंस म्हणे," डोरीन म्हणाली.

क्लिफर्डनं आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग बादलीकडे. "माझी फुलं चोरतेस?"

"चोरतेच आहे. बाकीचे कुठायत तुझे?"

"कुठले बाकीचे? हॅरी मुलाकडे गेला. टॉमचे गुडघे गेले. मार्गारेट तर तुला माहीतच आहे, तिच्या मयताला आली होतीस तू." त्यानं रेडिओ बंद केला. "तुमच्यात कोण कोण?"

"मी."

"आणि ते कप?"

"स्वच्छच असतात. तेच धुते."

क्लिफर्डला जे हसू फुटलं ते खोकल्यापर्यंत गेलं. डोरीनही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"सोडून देऊ या का, डोरीन?" तो म्हणाला. "आपण दोघं गेल्यावर तसंही कोण करणार आहे?"

"आपण गेल्यावर काय व्हायचं ते होईल. मी अजून गेले नाही ना!" ती एकदम भडकली. "चौकटी बाहेर काढू. दोन्ही. उद्या सकाळी बाजारचौकात मांडू, आणि येईल त्याला कामाला लावू."

"सगळ्यांसमोर? अगं, नियम काय आहे आपला?"

"लपवायचं कुणापासून? वरच्यांनी खालच्यांपासून. वरचा तू आणि खालची मी. आता मी तुझं जहाज बघितलंय. राहिलं काय लपवायचं?"

"येणार कोण पण? ही शुक्रवार-रविवारची माणसं?"

चौकटी उचलायलाच चार दणकट माणसं लागली असती. डोरीन तडक उतार उतरून आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मासे-चिप्सच्या दुकानात शिरली. काउंटरमागे पोलंडहून आलेली दानुता होती. तिचा नवरा मारेक मागे बटाटे सोलत होता. त्यांच्याकडे व्हॅन होती, एवढं डोरीनला ठाऊक होतं.

दानुतानं सगळं ऐकून घेतलं. "व्हॅन घेऊन जा हो, त्यात काय! पण मला एक सांगा, मिसेस रॅग. सहा उन्हाळे झाले आम्हाला इथे. दर वर्षी त्या चादरीमागून हसण्याचे आवाज येतात. मी मारेकला म्हणते, काय मजा चाललीय बघ यांची. आम्हाला का नाही कधी बोलावलंत?"

"बोलवायचं काय त्यात? यायचं सरळ."

"चादर ठोकलेल्या घरात? सरळ?"

इतकी वर्षं ती चादर फक्त वरच्या आळीसाठी आहे असंच डोरीन समजत होती. दुसरं कुणी तिच्याकडे बघत उभं असेल हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. तिला मनापासून लाज वाटली.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "उद्या ये."

शुक्रवारी सकाळी चौकात, मारेकनं रात्रीच मित्रांना घेऊन व्हॅननं आणलेल्या दोन चौकटी आडव्या मांडल्या होत्या, बादल्या फुलांनी भरल्या होत्या आणि माणूस एकही नव्हता. मग दुकान बंद ठेवून दानुता आणि मारेक आले. त्यांना बघून गिरणीच्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये राहणारा, दिवसभर लॅपटॉपशी बोलणारा रोरी आला. त्याच्या ओळखीनं आणखी चौघं आली. आकड्यांच्या कुलपांमागची माणसंसुद्धा कॉफीचे पेले घेऊन बघायला आली, आणि डोरीननं त्यांचे पेले काढून घेऊन हातात पाकळ्या दिल्या. दुपारपर्यंत चौकात वाकलेल्या पाठीच पाठी दिसायला लागल्या.

"वरून नाही गं बाई, खालून!" डोरीन दानुतावर ओरडली. "खालची ओळ आधी. वरची पाकळी तिच्यावर चढली पाहिजे, नाही तर पाऊस आत शिरतो."

"म्हणजे कौलांसारखं?" मारेक म्हणाला. "मग आधीच सांगायचं ना. गावी मी छपरंच शाकारायचो."

"हे काय आहे, मी करतेय ते?" दानुतानं विचारलं.

"वुलीची बेकरी. तुझं दुकान आहे ना, तीच जागा. पहाटे पावाचा वास पार स्टेशनपर्यंत जायचा."

"आता माशांचा जातो."

"आता स्टेशन कुठाय? म्हणून थांबतच नाही कुठे तुझा वास!"

दानुता इतकी हसली की बेकरीचं दार वाकडं झालं.

रोरीच्या वाट्याला गिरणी आली होती. विटांसाठी तो तांबड्या पाकळ्या दाबत होता. "इथं आत कसं होतं हो?" त्यानं विचारलं.

"आवाज," डोरीन म्हणाली. "मागांचा इतका आवाज की बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणं वाचायच्या. माझी आई घरी आली तरी तशीच बोलायची, तोंड मोठं करून, आवाज न काढता. आम्ही हसायचो तिला. तू कितव्या मजल्यावर राहतोस?"

"दुसऱ्या."

"माझी आई दुसऱ्याच मजल्यावर होती."

रोरीनं दुसऱ्या मजल्याची एक खिडकी पिवळ्या पाकळ्यांनी भरली, दिवा लावल्यासारखी. मूळ रेखाटनात ती तशी नव्हती. डोरीननं बघितलं आणि राहू दिलं.

तिच्या लक्षात आलं की ती सकाळपासून बोलतेच आहे. चांभाराचा एक डोळा, बाजारातून सुटून चॅपलमध्ये शिरलेली मेंढी, शेवटची गाडी गेली त्या दिवशी फलाटावर रडणारे स्टेशनमास्तर. कुणीतरी विचारायचं, "आणि मग?" आणि तिला पुढचं आठवायचं. कित्येक वर्षांत तिला "आणि मग?" असं कुणी विचारलेलं नव्हतं.

चौकाच्या दुसऱ्या टोकाला क्लिफर्डचं जहाज रेंगाळलं होतं. दुपारनंतर तो फिरायला लागला. "तू राहतेस कुठं?" त्यानं दानुताला विचारलं.

"चर्चच्या वर. चढावर."

"मग इकडे काय करतेस? तू वरची आहेस. चल."

"अरे, माझी माणसं पळवतोस?" डोरीन कडाडली.

"माझी फुलं चोरलीस तेव्हा?"

दानुतानं बेकरी पुरी केली आणि नवऱ्याला घेऊन खरंच जहाजाकडे गेली. चढावर राहणारी आणखीही काही माणसं गेली. डोरीन पुटपुटत राहिली, पण फार जोर नव्हता त्यात.

संध्याकाळी व्हॅननं दोन्ही चौकटी विहिरींवर नेऊन उभ्या केल्या. रात्री पाऊस पडून गेला. शनिवारी सकाळी डोरीन घाईघाईनं खालच्या विहिरीवर पोचली. आभाळाचा एक कोपरा खचून स्टेशनच्या कठड्यावर ओघळला होता. बाकी सगळा रस्ता जागच्या जागी होता, आणि विहिरीभोवती इतकी माणसं होती की तिला वाट काढत पुढे जावं लागलं. लोक बोटं दाखवत होते, ही बेकरी, हा एका डोळ्याचा चांभार. कालपर्यंत ज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं ते आज आलेल्या पाहुण्यांना सांगत होते. अर्धं चुकीचं सांगत होते. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला तेव्हा डोरीन उघड रडली आणि तिनं ते पुसलंही नाही.

मग बँडच्या मागोमाग सगळे वरच्या विहिरीवर गेले. जहाज छान झालं होतं. दानुता त्याच्यापुढे उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला जिराफाची मान दाखवत होती. ती तिनं केली होती.

"मान बरी जमलीय," डोरीन म्हणाली. "पुढच्या वर्षी काय करणार आहात?"

दानुतानं क्लिफर्डकडे पाहिलं, मग मारेककडे. मारेकनं हळूच नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही खालच्या ना, मिसेस रॅग?" दानुता म्हणाली. "मग तुम्हाला कसं सांगायचं?"

क्लिफर्ड दुसरीकडे बघत शीळ घालायला लागला. डोरीननं चिडायला हवं होतं, पण तिला त्या पोरीचा मुका घ्यावासा वाटत होता. शेवटी तिनं मान ताठ केली, पाठ फिरवली आणि गर्दीत रोरीला शोधून त्याचा दंड धरला.

"चल खाली," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "आणि हळू बोल. इथं सगळे वरचे आहेत."