आईकडच्या चुली

चंद्रभानने बन्सीधरच्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधली जागा चाचपली, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि केसासारखी बारीक सुई आत घातली. बन्सीधरने श्वास रोखून धरला. भिंतीला टेकून बसलेल्या कडूबाईने तोंड वाकडं केलं.

"दुखणं डोळ्यात आन सुई टोचायलास पायात. उद्या दात दुखला म्हनून आले तर कुठं टोचशील रे?"

पडल्या पडल्या बन्सीधर हसला. दोन महिन्यांत तो पहिल्यांदा हसला. कडूबाईने जीभ चालवली होती ती तेवढ्यासाठीच.

"आत्या, सुया आत हायेत तोवर त्याला हसवू नकोस," चंद्रभान म्हणाला आणि दुसऱ्या पायाकडे वळला.

चंद्रभान तिच्या थोरल्या भावाचा मुलगा. परभणीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा आणि दोन उन्हाळे कलकत्त्याला राहून चिनी सुयांची विद्या शिकून आला होता. रविवारी घरच्या बैठकीत लोकांना सुया लावायचा, पैसे घ्यायचा नाही. बैठकीच्या भिंतीवर एका चिनी माणसाचं चित्र होतं, अंगभर ठिपके आणि ठिपक्यांतून ओढलेल्या रेषा. शेजारी त्याने स्वतः रंगवलेलं पेशीचं चित्र. दोन्ही चित्रांत खिळे ठोकून त्याने लाल दोरे ताणून बांधले होते, इथलं हे म्हणजे तिथलं ते. कॉलेजातले मास्तर त्या दोऱ्यांना हसायचे.

बन्सीधर हा कडूबाईचा नातू, पाथरीला दिलेल्या लेकीचा, मनकर्णाचा, एकुलता एक मुलगा. वय वीस. संक्रांत झाली आणि त्याला समोरच्या माणसाचं तोंड दिसेनासं झालं. कडेचं दिसे, मधलं धुक्यात. माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. मनकर्णा त्याच्या उशाशी बसून होती, हात त्याच्या कपाळावर. आणि दाराबाहेरच्या पायरीवर बसला होता कडूबाईचा मुलगा भुजंग. त्याची नजर तेरा वर्षांखाली अशीच, आधी मधली मग सगळी, गेली होती. त्यालाही घेऊन ये, असं चंद्रभानने मुद्दाम कळवलं होतं, म्हणून पोखर्णीहून येताना कडूबाईने त्याला सोबत आणलं होतं.

"मामा, ह्यानं गुण यील का?" बन्सीधरने विचारलं.

 चंद्रभान भिंतीकडे गेला आणि त्याने एका दोऱ्यावर बोट ठेवलं.

"हे बघ आत्या. आपलं अंग म्हंजे कोट्यानुकोटी पेशी. एकेका पेशीत शेकडो चुली. खाल्लेली भाकर शेवटी त्या चुलीत जळती आणि तिची ताकद व्हती. चिनी वैद्य त्या ताकदीला 'ची' म्हणतात. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता, चुली काही दिसल्या नव्हत्या, पण ऊब त्यांनी ओळखली होती. आता डोळ्याची नस लय खादाड. चुली मंद पडल्या की पहिली उपाशी मरते ती."

"चुलीपुढं माझा जलम गेला," कडूबाई म्हणाली. "चूल मंद पडली तर लाकूड सारावं, फुंकणीनं फुंकावं. तू फुंकायलास का निस्तं सांगायलास?"

"फुंकूनच बघायलोय, आत्या."

तेवढ्यात मनकर्णा बोलली. कधीपासून तोंडात धरून ठेवलेलं बाहेर टाकावं तसं.

"माय, मी ठरिवलंय. सोयरीक मोडायची. पोरीला कुंकू लावून आलो आन आठव्या दिसाला लेकराच्या डोळ्यापुढं धुकं. पांढऱ्या पायाची हाय ती."

"बाई, तिचं काय..." आईला म्हणत बन्सीधर उठू गेला. चंद्रभानने त्याचे खांदे दाबून धरले.

"तू गप पड. तुला काय कळतंय? पंचफुलाच्या वक्ताला मायनं वेळीच वळखलं न्हाई, म्हनून दादाचं वाटोळं झालं. मी वेळीच वळखलंय."

कडूबाईच्या हातातली पानाची चंची तशीच राहिली. शब्द तिचेच होते. आवाजही तिचाच, फक्त तरुण.

पंचफुला ही भुजंगची बायको, चुडाव्याची. लग्नाला दोन महिने झाले आणि भुजंगच्या डोळ्यांपुढं धुकं आलं. पोरगी मुकाट्याने त्याला हाताला धरून मळ्यात न्यायची, ताटातली भाजी कुठं अन् चटणी कुठं ते बोट धरून दाखवायची. वर्ष भरायच्या आत कडूबाईने तिला स्वतः रेल्वेत बसवून दिलं होतं. गाडी हलेपर्यंत ती खिडकीशी उभी होती, निरोपासाठी नव्हे. पोरगी उतरून परत येईल म्हणून. घरी आल्यावर भुजंगने एवढंच विचारलं होतं, जागा मिळाली का तिला बसायला?

कडूबाईने चंची खाली ठेवली.

"चंद्रभान, तुझ्या खिशात काय हाय?"

"कुठं काय."

"सकाळधरनं तीनदा खिसा चाचपलास. लेकराचे डोळे तपासले त्या हैदराबादच्या डाक्टरचं पत्र हाय ना? वाच."

विद्यापीठाच्या नामांतरावरून आठवडाभर जिल्हा बंद होता, पत्र कालच आलं होतं. चंद्रभानने ते काढलं, पण उलगडलं नाही.

"इंग्रजीत हाय. ते विचारतात, आईच्या बाजूला कुण्या पुरुषाची नजर अशी ऐन जवानीत गेली व्हती का."

"दादाची," मनकर्णा म्हणाली. "पन ती बायकूपायी."

कडूबाईला झरीचा आपला मामा दिसला. आईचा पाठचा भाऊ. पंचविशीत भिंत धरधरून आडावर जायचा. भावकीतल्या एका घरानं करणी केली म्हणून दोन घरांत तीस वर्षं पाण्याचा तांब्या दिला-घेतला नाही. मामाचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. त्याला बोल लावायला बायकोच नव्हती, म्हणून भावकी.

"ह्या चुली माणसाला देतं कोन?" तिने विचारलं.

चंद्रभान जमिनीकडे बघत राहिला. "चिनी पोथीत लिहिलंय, जन्माला येताना एक शिदोरी मिळती. अर्धी आईची, अर्धी बापाची."

"पोथीतलं ऱ्हाऊ दे. कालेजात पोरांला काय शिकवतूस?"

"बाकी सगळं जुळतं आत्या. इथंच जुळत न्हाई." त्याचा आवाज उतरला. "ह्या चुली आईच्याच पोटातून येतात. पोरगा असो, पोरगी असो. बापाची एक बी येत न्हाई."

 कडूबाईचा नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. अर्धी शिदोरी त्याच्या माथी मारली असती तर तो काही उठून भांडायला येणार नव्हता. पोथी म्हणतच होती. तिने मनकर्णाच्या हाताकडे बघितलं. तो अजून लेकराच्या कपाळावर होता. बोललं तर त्याच हाताला चटका बसणार, आणि नाही बोललं तर कुणाची तरी एक पोर, जिचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं, गावभर पांढऱ्या पायाची ठरणार.

"मनकर्णे, ऐक. पोरीच्या बापाला सांग, लेकराला दिसंना झालंय. त्येनं सोयरीक मोडली तर मोडू दे, त्येचा हक हाय. पन पोरीच्या पायाला नाव ठिवलंस तर माझ्या दारात येऊ नकू. ह्या चुली माझ्या हायेत. झरीच्या मामाची नजर अशीच गेली व्हती. माझ्या आईनं मला दिल्या, मी तुमा दोघाला दिल्या."

पुढचं ती बोलली नाही. मनकर्णाला ते कळलं. तिचा हात कपाळावरून उचलला गेला आणि कुठं ठेवावा ते न कळून मांडीवर येऊन पडला. बन्सीधरने चाचपडत तो शोधला आणि पुन्हा आपल्या कपाळावर ठेवून घेतला.

कडूबाई दाराकडे वळली. आयुष्यात कुणापुढे वाकली नव्हती, म्हणून शब्द अडखळत आले.

"भुजंगा, उद्या सकाळच्या गाडीनं चुडाव्याला जाते. पंचफुलाच्या पाया पडते. आली तर घिऊन येते. न्हाई आली तर शिव्या खाऊन येते."

भुजंगने मान वळवली नाही.

"कुठं जातीस, माय. ती ऱ्हायली न्हाई. पाच वर्सं झाली. कावीळ झाली व्हती."

"कुनी सांगितलं?"

"तिच्या भावानं. नरसिंव्हाच्या जत्रंत भेटला. हात धरून बाजूला नेलं आन सांगितलं."

"पाच वर्सं? आन मला सांगितलं न्हाईस?"

 भुजंगच्या बोलण्यात राग नव्हता.

"तू काईतरी बोलली असतीस."

 भिंतीचा आधार घेत कडूबाई उठली, उंबरा ओलांडून बाहेर आली आणि पायरीपाशी उभी राहिली. लुगड्याची सळसळ ऐकून भुजंग जरासा सरकला आणि त्याने तिला बसायला जागा करून दिली.