पोटातला दोरा

टेलरबाईंचं पोट दोन वर्षं दुखत होतं आणि दोन वर्षं कुणाचा त्यावर विश्वास नव्हता. पिशवीचं ऑपरेशन झाल्यापासूनचं हे दुखणं. डॉक्टरांनी आधी गॅस म्हटलं, मग मनाचे खेळ. नवरा तर डॉक्टरांच्याही वरताण. मशीन थांबवून बाई जरा वाकल्या, की हा पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, "झालं सुरू नाटक." हळूहळू बाईंनाच वाटायला लागलं, आपण राईचा पर्वत तर करत नाही ना? दुखण्यापेक्षा हेच त्यांना जास्त लागायचं.

शेवटचा उपाय म्हणून नव्या दवाखान्यात पोटाचा एक्स-रे काढला. काढणारी मुलगी पडद्याकडे बघून वैतागली.

"मावशी, कपड्याचा दोरा आलाय मध्ये. पुन्हा काढावा लागेल."

बाईंनी चष्मा चढवला. पोटाच्या उजव्या बाजूला एक पांढरी रेघ वेटोळं घालून बसली होती. तीस वर्षं दोऱ्याशी संसार केलेल्या बाईला दोरा कुणी शिकवायचा?

"बाळ, अंगावर तुमचाच झगा आहे. त्याचा एकही दोरा सुटलेला नाही, मी मघाशीच बघितलं. आणि सुटा दोरा असा बसत नाही. हा कापडात विणलेला आहे, आणि ते कापड आत चुरगळलंय."

मुलगी धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. कापडच होतं. रक्त टिपायची जाळीदार पट्टी. एक्स-रेत दिसावी म्हणून तिच्यात खास दोरा घातलेला असतो. मागच्या वेळी पोट शिवताना ती आतच राहिली होती.

डॉक्टर चाचरत सांगत होते आणि बाईंना हसू आवरेना.

"मी आजवर कुणाच्या कपड्यात टाचणी विसरले नाही," त्या म्हणाल्या. "पण म्हणजे आहे ना काहीतरी?"

"आहे. काढावं लागेल."

"काढा की. आधी तेवढं कागदावर लिहून द्या. घरी दाखवायचंय."

पट्टी निघाली. तिसऱ्या दिवशी बाई वॉर्डात पडद्याआड पडून होत्या. बाहेर नवरा शेजारच्या पेशंटच्या भावाला धरून बसला होता. त्याआधी वॉचमनला सांगून झालं होतं.

"दोन वर्षं हिला खरंच दुखत होतं हो. आणि मी गाढव, नाटक म्हणायचो."

बाईंचे डोळे भरून आले. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. टाक्यांवर हात दाबून त्यांनी हाक मारली.

"अहो, जरा मोठ्यानं सांगा. कोपऱ्यातल्या खाटेपर्यंत ऐकू गेलं नसेल."

आणि नवऱ्यानं उभं राहून सगळ्या वॉर्डाला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.