सुईणबाईंच्या गाडीचं कुलूप

धाकटी जाऊ सुईण होती. रुग्णालयातली नोकरी सोडून घरोघरी जाऊन बाळंतपणं करायला लागल्याला तिला नऊ वर्षं झाली होती, आणि त्या नऊ वर्षांत ती एकदाही उशिरा पोचली नव्हती. त्या दिवशी मात्र सकाळी पावणेसातला ती इमारतीच्या मागच्या अंगणात आपल्याच गाडीच्या दाराशी झटापट करत उभी होती. पुलापलीकडच्या एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. दुसरं बाळंतपण, म्हणजे वाट बघायला वेळ थोडा. बाईच्या नवऱ्याचा दोनदा फोन येऊन गेला होता. आणि बाळंतपणाची सगळी बॅग गाडीच्या मागच्या सीटवर, गोठलेल्या काचेआड मजेत बसली होती.

गाडी बिनकिल्लीची. म्हणजे रिमोट खिशात ठेवून दाराजवळ गेलं की तिने आपणहून उघडायचं. गेले तीन आठवडे ती मनात आलं तर उघडत होती. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दोनदा नेऊन झाली. तिथल्या उबदार शेडमध्ये ती शहाण्या मुलीसारखी वागली आणि दोन्ही वेळा "सगळं ठीक आहे" असा शेरा घेऊन परत आली.

दाराचं हँडल खटाखट वाजत होतं ते वर पहिल्या मजल्यावर थोरलीने ऐकलं. चहाचा कप तसाच ठेवून तिने खिडकीतून बघितलं, आणि अवजारांची पेटी उचलून ती जिना उतरली.

या थोरल्या जाऊबाईंना सगळा रस्ता फ्यूजताई म्हणायचा. बावीस वर्षं त्यांनी टीव्ही दुरुस्त केले. पुढे लोक टीव्ही दुरुस्त करायचे सोडून फेकूनच द्यायला लागले, तेव्हा एकोणपन्नासाव्या वर्षी निम्म्या वयाच्या मुलामुलींबरोबर बाकावर बसून त्या गाड्यांचं वायरिंग शिकल्या. तळमजल्यावर त्यांचं दुकान होतं आणि लांबलांबून गाड्या यायच्या. येत नव्हती ती फक्त घरची. "वहिनी, ही गाडी म्हणजे कॉम्प्युटर आहे हो, हिला पक्कड लावून नाही चालायचं," असं धाकटी मागे जेवताना हसत म्हणाली होती. फ्यूजताईही हसल्या होत्या. विसरल्या मात्र नव्हत्या.

त्या खाली पोचल्या तर धाकटीचा नवरा, म्हणजे त्यांचा दीर, वाफाळती किटली घेऊन काचेवर नेम धरत होता.

"भाऊजी, किटली खाली ठेवा."

"अहो, बर्फ वितळेल ना!"

"आधी काच तडकेल. आणि पाणी फटीत उतरून पुन्हा गोठलं, की मग दुपारपर्यंत बसा हरी हरी करत. आत जा आणि त्याचा चहा करा."

"काच तडकली तर बरंच," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "फोडाच ती. मला बॅग पाहिजे. कळा सहा-सहा मिनिटांवर आल्यात."

"फोडू. दहा मिनिटांत गाडी नाही उघडली तर मी माझ्या हाताने फोडेन. दे तो रिमोट." फ्यूजताईंनी हात पुढे केला. "गाडी कधी धुतलीस?"

"काल संध्याकाळी. धुलाईवाल्याकडे. का?"

"आणि रिमोट कुठे ठेवतेस?"

"दाराजवळच्या खिळ्यावर. वहिनी, आत्ता हे कशाला विचारताय?"

त्यांनी रिमोटच्या कडेची खाच दाबली. आतून एक बारकी पोलादी किल्ली सरकून बाहेर आली. धाकटी बघतच राहिली. वर्षभर ती किल्ली तिच्या पर्समध्ये फिरत होती आणि तिला पत्ताच नव्हता.

किल्ली ड्रायव्हरच्या दारात अर्धी गेली आणि अडली. फ्यूजताईंनी ती बोटांनी हलकेच चाचपली आणि लगेच बाहेर काढली.

"जोर लावा ना थोडा," दीर म्हणाला. तो किटली घेऊन अजून तिथेच उभा होता.

"जोर लावला की अर्धी किल्ली आत आणि अर्धी माझ्या हातात. आत पाणी गोठलंय." त्यांनी किल्ली परत बसवली, रिमोट स्वेटरच्या आत काखेत धरला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"हे काय चाललंय?" वरच्या खिडकीतून सासूबाईंनी विचारलं.

"अंडं उबवतेय, आई," फ्यूजताई म्हणाल्या. "दोन मिनिटं गप्प बसा सगळ्यांनी. मला ऐकायचंय."

दोन मिनिटं त्या थंडीत खूप लांबली. धाकटीने तेवढ्यात पुन्हा फोन लावून बाईच्या नवऱ्याला पाणी गरम ठेवायला, खोली उबदार करायला आणि बायकोला डाव्या कुशीवर निजवायला सांगितलं. फोनवर तिचा आवाज एकदम शांत झाला होता. ठेवल्यावर ती पुन्हा गाडीभोवती येरझाऱ्या घालू लागली.

फ्यूजताईंनी रिमोट बाहेर काढून दाबला. गाडीचे दिवे लुकलुकले. खट्, खट्, खट्.

"तीन," त्या म्हणाल्या. "चार यायला पाहिजे होते. ड्रायव्हरचं दार गोठलंय, बाकीची उघडलीत. म्हणजे गं, तुझ्या गाडीला एक नाही, दोन दुखणी आहेत. रिमोटचं वेगळं आणि दाराचं वेगळं. दोन्ही थंडीतच उठतात, म्हणून वर्कशॉपवाल्यांनाही उमजलं नाही."

दीर पुढे झाला आणि भिंतीकडच्या मागच्या दाराचं हँडल धरून ओढू लागला. दार हललं नाही.

"ओढू नका हो, ढकला! रबर चिकटलंय. ओढलंत तर हँडल हातात येईल." त्यांनी त्याला बाजूला केलं आणि दाराला कंबरेने एक दणका दिला, मग वर, मग खाली. बर्फ करकरला. मग हँडलला नुसतं बोट लावलं आणि दार उघडलं.

धाकटीने आत झेप घेतली आणि बॅग छातीशी धरली. आनंद अर्धा मिनिट टिकला. दार आता बंदच होईना. आपटलं की परत उघडं. दारातला लोखंडी आकडा उघड्या अवस्थेतच गोठला होता, त्यामुळे तो चौकटीतली खिट्टी पकडेना.

"आता?" धाकटीने विचारलं. "मी दार हातात धरून गाडी चालवू?"

"तुझ्या बॅगेत स्पिरिट आहे ना? सुई टोचायच्या आधी लावतेस ते?"

"आहे की."

"आणि सिरिंज?"

धाकटीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग आला. तिने सिरिंजचं पाकीट फोडलं, स्पिरिट भरलं, हवा काढली आणि दाराच्या कडेला वाकून आकड्याच्या सांध्यात नेमकं सोडलं. एक थेंबही बाहेर सांडला नाही. "इथे?"

"आणखी आत. मुळाशी. वा! माझ्याच्याने इतकं बेताचं झालं नसतं."

मिनिटभर थांबून फ्यूजताईंनी बाहेरचं हँडल ओढून धरलं आणि पेचकसाच्या टोकाने आकडा मागेपुढे रेटला. तो टण्कन मोकळा झाला. दार लागलं. तेच औषध ड्रायव्हरच्या दाराच्या कुलपाला दिलं, फटीतून आत सोडलं. किल्ली लोण्यात फिरावी तशी फिरली.

धाकटी बसली आणि तिने स्टार्टचं बटण दाबलं. समोरच्या पडद्यावर अक्षरं आली : किल्ली सापडत नाही.

"सापडत नाही म्हणे! हातात आहे माझ्या, आंधळे!" धाकटी गाडीवर ओरडली.

"रिमोट पुन्हा गारठला. तो बटणाला टेकव आणि तसाच दाब. त्याच्या पोटात एक चकती असते, तिला सेल लागत नाही."

गाडी सुरू झाली. वरून सासूबाईंनी टाळी वाजवली. फ्यूजताईंनी घड्याळ बघितलं. नऊ मिनिटं झाली होती.

"तुम्ही बसा बघू," धाकटी म्हणाली. "तिथून निघताना परत रुसली तर मी काय करू?"

फ्यूजताई अवजारांची पेटी घेऊन, पायातल्या स्लिपरवरच गाडीत बसल्या.

पुलापलीकडचं घर अरुंद आणि दोन मजली होतं. धाकटी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढली. फ्यूजताईंना बाईच्या सासऱ्यांनी खालच्या स्वयंपाकघरात बसवलं, चुलीजवळची खुर्ची दिली, आणि स्वतः पाण्याची भांडी पुन्हा पुन्हा झाकत आणि उघडत फिरू लागले. वरून धाकटीचा आवाज येत होता, ठाम आणि मऊ. "आत्ता नाही. आत्ता नाही. श्वास सोडा. शाब्बास." फ्यूजताईंनी जावेला घरात रोज ऐकलं होतं, कामावर कधीच नाही. ही बाई वेगळीच होती. त्या ऐकत राहिल्या.

मग त्यांनी टेबलावर रुमाल पसरला आणि रिमोट उघडला. आतला बटन सेल नवाकोरा होता. मीटर लावलं, विजेचा दाबही पूर्ण. त्यांनी सेल बोटांत धरून डोळ्यांसमोर आडवा केला, पाठीवरचा नंबर वाचला आणि एकट्याच हसल्या. गोल तेवढाच, पण जाडी कमी. बसायला बसला होता, पण वरची धातूची पट्टी त्याला जेमतेम टेकत होती. ऊब असली की चाले. थंडीत पट्टी जरा आखडली की संबंध तुटला. म्हणून गाडी वर्कशॉपमध्ये शहाणी आणि अंगणात वेडी.

पेटीतून त्यांनी बरोबर जाडीचा सेल काढून बसवला. पट्टी नखाने किंचित सेलकडे वाकवली, झाकण दाबलं. मग रिमोट खिडकीबाहेरच्या कठड्यावर, थेट बर्फावर ठेवून दिला.

"तिथे कशाला?" सासऱ्यांनी विचारलं. काहीतरी विचारायला मिळालं म्हणून त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

"परीक्षा घेतेय. उबेत तो पासच होतो."

अर्ध्या तासाने वरून रडणं ऐकू आलं. बारीक, रागावलेलं, थांबायचं नाव न घेणारं. सासऱ्यांच्या हातातलं झाकण फरशीवर पडलं आणि ते उचलायचं सोडून खुर्चीत बसून राहिले. फ्यूजताईंनी झाकण उचललं, पाणी ओतून त्यांच्यासाठी चहा ठेवला.

धाकटी खाली आली तेव्हा दहा वाजून गेले होते. केस विस्कटलेले, बाह्या कोपरापर्यंत, डोळ्यांत तो कामानंतरचा उजेड. "मुलगी. दोघी छान आहेत. नाळ गळ्याभोवती होती, वहिनी. पाच मिनिटं उशीर झाला असता तर…"

फ्यूजताईंनी कठड्यावरून बर्फासारखा गार झालेला रिमोट उचलून तिच्या हातात ठेवला. बाहेर आल्यावर दहा पावलांवरून धाकटीने बटण दाबलं. खट्, खट्, खट्, खट्.

"काय होतं?"

"सेल. पातळ बसवलाय कुणीतरी. वर्कशॉपवाल्यांनी बदलला का?"

"नाही हो. यांनीच. महिन्यापूर्वी. 'नवाकोरा आणलाय, मीच बसवला,' म्हणून चार दिवस मिरवत होते." दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की धाकटीला गाडीला टेकावं लागलं.

"त्यांना मी सांगते," फ्यूजताई म्हणाल्या. "आणि रविवारी गाडी खाली दुकानात लाव. चारही आकडे साफ करून ग्रीस भरते, रबरांना सिलिकॉन लावते. थंडीत गाडी संध्याकाळी धुवायची नाही, धुतली तर दारं पुसून, चारपाच वेळा उघडून मिटून ठेवायची."

"लावते." धाकटी क्षणभर रिमोटकडे बघत राहिली. "तीन आठवडे तुमचं दुकान माझ्या पायाखाली होतं, आणि मी शहराच्या टोकाला वर्कशॉपमध्ये जात होते. मी विचारायला हवं होतं."

"मीही आपणहून बघायला हवं होतं. रुसून बसले होते." फ्यूजताईंनी खांदे उडवले. "तुझा आवाज ऐकला मी आज. वर. मला नव्हतं माहीत तू अशी बोलतेस."

धाकटीने रिमोट त्यांच्या हातात परत दिला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली. फ्यूजताईंनी सीट पुढे घेतली, आरसा वळवला. चौक यायच्या आत धाकटीचा फोन वाजला. तिने ऐकलं, "हो, हो, कधीपासून?" विचारलं आणि पट्टा घट्ट केला.

"वहिनी, घर नको. डावीकडे घ्या."