सातवा रकाना

जीवरामनानांनी म्हाताऱ्याचा अंगठा शाईच्या डबीत दाबला, कागदावर टेकवला, आणि तो तसाच धरून ठेवत फॉर्मात नसलेला प्रश्न विचारला.

“आबा, धरणगावकडला भटू नावना माणूस देखा का कोठे? उच्चा शे. डावा कान फाटेल शे.”

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि अंगठा धोतराला पुसला.

“नाना, पुढे चला,” सुनंदाबाई म्हणाल्या. “पुलापलीकडची माणसं अजून बाकी आहेत, आणि आज शेवटचा दिवस.”

सुनंदाबाई धुळ्यात प्राथमिक शाळेवर शिक्षिका होत्या. पांझरेच्या पात्रात, पुलाच्या कमानींखाली उघड्यावर राहणाऱ्यांची नोंद करायचं काम त्यांच्या सेवा मंडळानं अंगावर घेतलं होतं. पावसाळ्याआधी एका जुन्या कापसाच्या गोदामात या लोकांची सोय करायची होती. फॉर्म भरला की खालची चिठ्ठी फाडून हातात द्यायची. चिठ्ठी असेल त्यालाच गोदामात जागा. सातवा रकाना मात्र अवघड होता : ‘घर किंवा सांभाळणारे नातेवाईक’. तिथे ‘आहे’ लिहिलं की चिठ्ठी नाही. जागा थोडी, माणसं फार, तेव्हा कुठेतरी कात्री लावावीच लागणार होती.

नानांना साठीत समाजसेवेचा पुळका आला होता असं कोणी समजू नये. गावच्या एका ट्रकवाल्यानं भटूला या पुलाखाली पाहिल्याचं सांगितलं, म्हणून ते धुळ्याला आले होते. पहिले दोन दिवस नुसतेच हिंडले. धोतर-टोपीतला माणूस नावं विचारत फिरतोय म्हटल्यावर लोक उठून चालू लागत. तिसऱ्या दिवशी तीच माणसं सुनंदाबाईंच्या फॉर्मपुढे ओळीनं बसलेली त्यांनी पाहिली, आणि ‘मीही लिहू लागतो’ म्हणून ते पुढे झाले.

भटू त्यांचा धाकटा भाऊ. कामाच्या शोधात सुरतेकडे गेला तो गेला. ना पत्र, ना निरोप. बारा वर्षं वाट पाहिली. मग नानांच्या मुलीचं लग्न दोनदा ठरून मोडलं, तेव्हा गावातली जाणती माणसं म्हणाली, बारा वर्षं उलटली, आता त्याचं करून टाका, जीव अडकलाय त्याचा. आई नको नको म्हणत असताना नानांनी पिठाचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला, दहावं घातलं, गावाला जेवू घातलं. मुलीचं लग्नही जमलं.

आणि चार महिन्यांनी भटू आला. भर दुपारी, वेशीतून चालत. विहिरीवर पाणी भरणारी भागाबाई ‘भूत, भूत’ करत पळत सुटली, आणि लोकांनी दगड उचलले. नाना तेव्हा शेतात होते. घरी येऊन कळलं तोवर भटू गावाबाहेर पडला होता. सडक काही फार लांब नव्हती. पाय उचलले असते तर गाठता आला असता. पण मुलीच्या सासरी काय सांगायचं, दहाव्याचं जेवून गेलेल्या गावाला काय सांगायचं, या विचारात नाना ओसरीवर बसून राहिले. भागाबाईला आणि गावाला एवढंच म्हणाले, आईपाशी बोलू नका.

सहा वर्षं कोणी बोललं नाही. गेल्या महिन्यात भागाबाई बोलली. त्या दिवसापासून आई ताट परत करू लागली, आणि आता आठ दिवस नुसत्या पाण्यावर होती. ‘भटूले लई ये, मंग जेवसू,’ एवढंच म्हणायची. नव्वदीची कुडी, अशी किती दिवस तगणार! नानांच्या जिवाची नुसती काहिली होत होती.

पुलापलीकडे तिसऱ्या कमानीखाली तीन दगडांची चूल होती. चुलीपाशी एक बाई केरसुण्या बांधत बसली होती. दिवस भरत आलेले, त्यामुळे तिला नीट वाकताही येत नव्हतं. शेजारी एक उंच माणूस शिंदीची पानं चिरत होता. त्याचा डावा कान फाटलेला होता.

“भटू,” नाना म्हणाले.

माणसानं वर पाहिलं. आधी नानांकडे, मग त्यांच्या हातातल्या फॉर्मकडे.

“मन्हं नाव मगन शे,” तो म्हणाला. “लिखा, मास्तर.”

नाना त्याच्यापुढे चुलीपाशी बसले. सुनंदाबाई अजून मागच्या कमानीपाशी होत्या.

“भटू, माय आठ दिनथून जेवनी नही. तुन्ही वाट देखी ऱ्हायनी. चाल घर. मी भटजीले इचारी उनू. तो म्हने, बारसं करा, नवं नाव ठेवा, मंग घरमा लेता येस.”

“बारसं व्हई गयं मन्हं. हाई ताईबाईनी नाव ठेयं.”

“कोन शे हाऊ बाबा?” बाईनं विचारलं.

“चिठ्ठी देनारा शे,” तो म्हणाला आणि पुन्हा पानं चिरू लागला.

नानांनी टोपी काढून हातात घेतली. साठ वर्षांत त्यांनी धाकट्याची माफी मागितली नव्हती, आणि ती कशी मागतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

“मी चुकनू, भटू. त्या दिन मी तुन्हामांगे येवाले पाहिजे व्हतं.”

पानं चिरणारा हात थांबला.

“मी सडकवर बसेल व्हतू,” भटू हळूच म्हणाला. “सांजपावत. तीन येष्ट्या जाऊ दिध्यात. म्हनं, कोनी तरी येई.”

एवढ्यात सुनंदाबाई आल्या. नानांचा चेहरा पाहून त्या थबकल्या.

“नाना, ओळखीचे आहेत का हे?”

भटूनं नानांकडे पाहिलं. ताईबाई पोटावर हात ठेवून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

“नाही,” नाना म्हणाले.

“मग लिहून घ्या लवकर.”

नानांनी लिहिलं. नाव मगन, बायको ताईबाई, धंदा केरसुण्या. सातव्या रकान्यापाशी पेन अडलं. एक शब्द लिहायचा अवकाश होता. ‘आहे’ म्हटलं की चिठ्ठी नाही. चिठ्ठी नाही म्हणजे पावसात डोक्यावर काही नाही, आणि भरल्या दिवसांच्या बाईला घेऊन हा माणूस जाणार कुठे? झक मारत गावाला येईल. आई जेवेल. नानांनी पेन टेकवलंसुद्धा. मग सडकेच्या कडेला बसलेला भटू त्यांच्या डोळ्यांपुढे आला, एसटी यायची, थांबायची, निघून जायची. आता दुसऱ्यांदा याचं छप्पर आपण काढून घ्यायचं, आणि तेही आईचं नाव पुढे करून?

त्यांनी ‘नाही’ लिहिलं. अंगठा घेतला. चिठ्ठी फाडून भावाच्या हातात दिली. सुनंदाबाई पुढच्या कमानीकडे गेल्या.

भटूनं ती चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

“एक सांग,” तो म्हणाला. “मन्हा दहाव्याले कावया शिवना व्हता का?”

नाना खोटं बोलू शकले असते. आईला तेव्हा ‘पिंडाला कावळा शिवला’ असंच सांगितलं होतं.

“नही शिवना. बठ्ठा गाव दुपारपावत बसना. मी हात जोडात, म्हनं, मायले सांभाळसू, तुन्हा वाटानं वावर कोनले देवाऊ नही. एकबी कावया जवळ उना नही. मंग गवतना कावया करा, आनि त्यानाकडथून शिवाडी लिधं.”

भटूनं चिठ्ठीची घडी करून ताईबाईच्या हातात दिली.

“मंग भाऊ,” तो म्हणाला, “तुले तवयच समजेल व्हतं.”